खाडीकडचं फाटक

समुद्राजवळचं तुमचं घर रिकामं पडलेलं असताना आजी-आजोबा पांढरकवड्यात का राहतात, असं तुम्ही दोघांनी मला विचारलंत. मी फोनवर "मग सांगेन" म्हटलं, कारण तुमचे बाबा तुमच्या शेजारी बसले होते आणि या बाबतीत त्यांची बाजू वेगळी आहे. म्हणून लिहून सांगते. लिहिताना मधे कोणी बोलत नाही.

ते घर तुम्हाला फोटोतूनच आठवत असेल. मुंबईच्या पलीकडे, उपनगर जिथे संपतं तिथल्या शेवटच्या गल्लीत ते आहे. एकमजली, पिवळसर. समोरच्या अंगाला उंच इमारती उठत आहेत, त्यांच्या हिरव्या जाळ्या दिवसभर वाऱ्यावर फडफडतात. मागच्या अंगाला खाडी. अंगणात दोन नारळ, एक शेवगा, भोवती कंपाउंडची भिंत आणि त्या भिंतीत मागे एक लहानसं लोखंडी फाटक. फाटकापलीकडे तिवरांची खुजी झाडं, चिखल आणि काळे दगड. कधी हे सगळं पाण्याखाली असतं, कधी उघडं. समुद्र म्हणून जो चित्रात असतो तो तिथून दिसत नाही, त्याचा वास तेवढा येतो.

तुमच्या बाबांचं म्हणणं असं की आमच्या वयाला पांढरकवड्याला दोघांनीच राहू नये. मोठा डॉक्टर हवा तर नागपूर गाठावं लागतं. समुद्राजवळच्या घरापासून दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि तुम्ही परदेशातून आलात की विमानतळही जवळ. म्हणून असं ठरलं की आम्ही हिवाळ्यात तिथे जायचं, राहून पाहायचं, आणि पाडव्याला त्यांना हो किंवा नाही सांगायचं. हो म्हटलं तर पांढरकवड्याचं घर विकायचं. घेणारा घरातलाच होता, आजोबांचा पुतण्या. शेती करतो, कापसाचा थोडा व्यापारही करतो. आम्ही निघालो तेव्हा देवापुढे दिवा लावायला आणि झाडांना पाणी घालायला किल्ली त्याच्याच हाती दिली.

मी ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, तिखट आणि पापडाचे दोन डबे बरोबर घेतले. आजोबांनी नवीन कुलूप घेतलं. "तिकडच्या कुलपाचा काय भरोसा," म्हणाले.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होते. घरात वस्तू जागच्या जागी असावी, आणि ठेवली तशीच सापडावी, ही माझी सवय तुमच्या बाबांना चांगली माहीत आहे. त्या घरात वस्तू जागेवर सापडायच्या, पण ठेवल्या तशा नाही. मीठ रात्रीतून ओलं व्हायचं. पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडले. पावसाचा टिपूस नसताना दारं फुगायची आणि खांदा लावल्याशिवाय उघडायची नाहीत. पांढरकवड्याला माझ्या सासूबाईंच्या वेळची कडी अजून चकाकते, आणि इथे आजोबांचं नवं कुलूप पंधरवड्यात तांबूस झालं.

"कोनी तरी कुलपाले पानी मारून राह्यलं," आजोबा म्हणाले.

"खारी हवा आहे," मी म्हटलं.

"हवा काय फक्त कुलपावरच बसते?"

मी खारी हवा म्हटलं खरं, पण मलाही ते पटलेलं नव्हतं. माणूस नसताना घर बदलत असेल, तर त्यावर नजर ठेवायला हवी, असं मला वाटू लागलं होतं.

त्यातच शेजारच्या बाईंकडे आमचं लक्ष गेलं.

त्या माझ्याच वयाच्या. नगरपालिकेत नोकरी करून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले. गल्लीतलं सगळ्यात जुनं घर त्यांचं, कौलारू. बोलायला नीट, पण थोडक्यात. आम्ही आलो त्या दिवशी दारात येऊन त्यांनी "काही लागलं तर सांगा" म्हटलं आणि आमचं काही लागायच्या आत परत गेल्या. दोन दिवसांनी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर त्या आमच्या अंगणातून चालल्या होत्या. पुढच्या फाटकाने आत, घराला वळसा, मागच्या फाटकाने बाहेर. हातात पिशवी, तिच्यावर फडकं घट्ट बांधलेलं. बऱ्याच वेळाने तशाच परत आल्या. पिशवी जड झालेली, फडकं तसंच. खिडकीकडे पाहिलं नाही.

मला वाटलं, एखादे वेळी गेल्या असतील. पण त्या दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्याही. आणि मला खटकली ती त्यांची वेळ. सरळ कामाने येणारा माणूस ठरल्या वेळी येतो. दूधवाला येतो, पेपरवाला येतो. या बाई आज सकाळी चहाच्या वेळी, उद्या त्यानंतर, परवा आंघोळी उरकल्यावर, असं करत करत दुपारच्या जेवणापर्यंत जात. मग काही दिवस येतच नसत. आम्ही विसरायला लागलो की पुन्हा एक दिवस उजाडताना हजर.

"वेळ बदलून बदलून येतात," मी आजोबांना सांगितलं. "आपण केव्हा जागे असतो, केव्हा झोपतो, ते पाहत असणार."

आजोबांनी दुसऱ्या दिवशी अंगणात खुर्ची टाकली आणि पेपर उघडून बसले. बाई आल्या. आजोबांनी पेपराच्या वरून पाहिलं. त्या नमस्कार करून गेल्या. आजोबा आत आले ते हळू आवाजात बोलत.

"पिशवीत लोखंड हाय."

"कसलं लोखंड?"

"टोकाचं. फडक्यातून बाहेर आलतं. सब्बल असंल लहानशी. भिंतीच्या पायात काही करून राह्यली बाई."

आम्ही दोघं मागे जाऊन भिंतीचा पाया पाहून आलो. पाया ओला होता, शेवाळलेला होता, पण खणलेला नव्हता. आजोबांचं समाधान झालं नाही. खणत नाही म्हणजे चालायला येते, आणि नुसतं चालायला येते हे त्यांच्या मते खणण्यापेक्षा वाईट होतं. ते का, हे तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आपल्या शेतातून पलीकडच्या वावरात जायची एक पायवाट आहे. आमच्याकडे अशी वाट लोक वर्षानुवर्षं वापरत गेले की तिची वहिवाट होते, वहिवाटीवरून बैलगाडी जाते, गाडीमागून ट्रॅक्टर, आणि एक दिवस ती पांदण, म्हणजे शेतातला सगळ्यांचा रस्ता, म्हणून गावात बोलली जाते. मग ती जमीन तुमच्या सातबाऱ्यावर असली तरी तुमची राहत नाही. त्यावर माझ्या सासऱ्यांचा एक उपाय होता. दरवर्षी पाडव्याला सकाळी ते त्या वाटेवर बोराटीची काटी, म्हणजे काटेरी फांदी, आडवी टाकत. एक दिवस वाट बंद. दुसऱ्या दिवशी काटी उचलायची. एक दिवस अडवली म्हणजे वाट मालकाच्या मर्जीची आहे हे सिद्ध होतं, असा हिशेब. कायद्यात तसं कुठे आहे का ते मी कधी पाहिलं नाही. पण आमच्या शिवारात सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि अडलेला माणूसही रागावत नाही, काटी पाहून हसतो आणि उद्या येतो. सासऱ्यांनंतर आजोबांनी हे कधी चुकवलं नाही.

"आज पायवाट, उद्या पांदण," आजोबा म्हणाले. "पोराचं घर हाय. तो तिकडं बसला. आपन डोळे मिटून घेतले तर उद्या भिंत पाडून रस्ता काढतीन. काटी तं टाकलीच पाह्यजे."

"इथे बोराटी कुठून आणणार?"

"बोगनवेल हाय न."

मी त्यांना थांबवलं नाही. मलाही ते बरोबर वाटत होतं. एक गोष्ट मात्र मी तेव्हाच मनाशी ठरवली होती. बाईंचा काही डाव निघाला, तर तुमच्या बाबांना नाही सांगायचं. अशा शेजारात म्हातारपण काढायचं नाही. आणि काही निघालं नाही, तर हो म्हणायचं. त्या घरात सकाळी फार सुंदर वारा येतो, गुडघे दुखत नाहीत, आणि तुम्ही तिथे विमानतळावरून तासाभरात पोचाल. पांढरकवड्याचं घर विकायला मी अर्धी तयार झाले होते.

पाडव्याला मी पहाटे गुढीची तयारी करत होते. आजोबांनी मागचं फाटक लावून त्यावर बोगनवेलीच्या फांद्या सुतळीने आडव्या बांधल्या, हात खरचटून घेतले, आणि आत येऊन हळद लावून घेतली. इतक्यात पुढच्या फाटकाची कडी वाजली. नेमक्या त्या दिवशी बाई अगदी लवकर आल्या होत्या. घराला वळसा घालून मागे गेल्या आणि थांबल्या. आम्ही मागच्या दारात गेलो.

"हे काय?" त्यांनी काट्यांकडे बोट केलं.

"काटी हाय बाई," आजोबा म्हणाले. "पाडव्याची."

"ती कशाला?"

"आजच्या रोज बंद. उद्या उघडतो."

"उद्या?" बाईंनी पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं. "अहो, आज अमावास्येचं उधाण आहे. ओहोटीला पाणी इतकं मागे एरवी जात नाही. वर्षात असे दिवस किती मिळतात? उद्या थोडं कमी, परवा आणखी कमी. दगड आत्ता उघडे आहेत, तासाभरात बुडतील."

"दगडं कायले पाह्यजे तुमाले?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, आणि फडक्याची गाठ सैल केली. "तुमच्या सुनेने मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सासू-सासरे माळकरी आहेत, त्यांच्यासमोर काही दिसू देऊ नका, वास येऊ देऊ नका. म्हणून झाकून नेते. कालवं काढते मी. खडकाला चिकटलेली असतात, त्यासाठी हे टोकाचं लागतं."

आम्हाला माळ कोणी घातली हे मला अजून माहीत नाही. मी मांस-मासळी खात नाही हे खरं. आजोबा शेतावर काय खातात ते मी विचारत नाही.

"म्हंजे तुमी दगडं फोडून मंग..." आजोबांनी मान पुढे केली. "दाखवा तं."

बाईंनी तळाशी राहिलेला कालचा एक शिंपला काढून दाखवला. करडा, ओबडधोबड, मला तरी खडाच वाटला असता.

"हा तं दगडच होय न जी."

"आत असतं ते. उघडलं की कळतं."

"अन् येळ काहून बदलता रोज?" आजोबा सोडणार नव्हते. "काल एक येळ, आज एक. आमी पाहून राह्यलो ना."

बाई थोड्या गोंधळल्या, मग हसल्या. "मी कुठे बदलते? पाणी रोज उशिरा हटतं. कालच्यापेक्षा आज पाऊण तास उशिरा, उद्या आणखी. मी पाण्यामागून येते. अष्टमीच्या सुमाराला फारसं हटतच नाही, तेव्हा घरी बसते. तुमच्याकडे..." त्या थांबल्या. "तुमच्याकडे समुद्र नाही, नाही का."

"आमच्याकडे नदी हाय," आजोबा म्हणाले. "पन ते एकाच बाजूनं जाते."

ते फाटकाकडे गेले आणि सुतळी सोडू लागले. म्हणजे बाईंचा डाव काही निघाला नाही. मी मनातल्या मनात तुमच्या बाबांना हो म्हणायला लागले होते. एवढ्यात आजोबांनी सुतळी हातात धरूनच विचारलं, "बाई, एक सांगा. उद्या आमी म्हनलं का आमच्या अंगनातून नका जाऊ, तं?"

"जाणार," बाई म्हणाल्या. "हे घर व्हायच्या आधीपासून माझी सासू इथून जात होती. वाट आमची आहे. तुमच्या मुलाने घर घेतलं तेव्हा त्याला मी सांगितलंय. उद्या त्याने विकलं तर पुढच्यालाही सांगेन."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही बक्षीस लागलं. "मी म्हनलं नोतं? दावा हाय."

"आहेच," बाई म्हणाल्या. "आता सोडा लवकर. पाणी थांबायचं नाही."

काटे निघाले, बाई गेल्या. आजोबा मात्र पायरीवर बसून राहिले. मला वाटलं रागावले. गुढी उभारली, गाठी घातली, कडुनिंबाची चटणी दिली, ती त्यांनी खाल्ली. मग म्हणाले, "इथं मी दुसऱ्याची वाट अडवून राह्यलो. तिथं आपल्या वाटेवर कोनं काटी टाकली असंल?"

"पुतण्याला सांगून ठेवलंय ना तुम्ही?"

"त्याले गुढीचं बी सांगतलं. लाव बरं फोन. फोटुवाला."

मी व्हिडिओ कॉल लावला. पुतण्या लगेच दिसला. "पाया पडतो काका, काकू. गुढी उभारली, पाहा." त्याने फोन वळवला. आपल्या घरावर गुढी होती, जरतारी पदर, वर तांब्या. छान होती. पण ती तो रस्त्यावरून दाखवत होता.

"आत ने जरा," मी म्हटलं. "देवघर दाखव."

"आत नेटवर्क नाही काकू."

त्या घरात मी चाळीसच्या वर वर्षं राहिले आहे. नेटवर्क रस्त्यावर नसतं, पुढच्या खोलीतच असतं. शेजारची मुलगी त्यासाठी आपल्या ओट्यावर येऊन बसते. मी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. चैत्राचा उकाडा सुरू झाला होता, तरी पुढच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या. त्यांच्या जाळीत काहीतरी पांढरं अडकलेलं दिसत होतं.

"जाळीत पांढरं काय आहे रे?"

"कोळ्याचं जाळं असंल काकू. झाडतो आज."

तो बोलताना मान खाजवत होता. मग हात खाजवला, मग पुन्हा मान. आजोबा माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"खाजवतं काहून रे?"

"गर्मी लय हाय न काका."

तुम्ही तिकडे वाढलात, म्हणून तुम्हाला हे ठाऊक नसेल. आमच्याकडे भाव वाढायची वाट पाहत लोक कापूस घरात भरून ठेवतात. दिवस गेले की त्या कापसाला बारीक किडे होतात, दिसत नाहीत, पण त्या घरात वावरणारा माणूस आठवडाभर अंग ओरबाडतो. आमच्या भागात खाज पाहून कापूस ओळखतात.

"किती भरला?" आजोबांनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

पलीकडे फोन खाली झाला, नुसता रस्ता दिसू लागला. मग तो म्हणाला, "समोरची खोली अन् मधली. चार रोजाचा प्रश्न हाय जी. भाव आला का उचलतो. अन् तुमी आता तिकडंच राहनार न? दादानं सांगतलं, म्हने पक्कं झालं. म्हनून म्हनलं, आपलंच होऊन राह्यलं तं..."

त्याचा दादा म्हणजे तुमचे बाबा.

मी फोन ठेवला. पाडवा होता, हो किंवा नाही आम्ही सांगायचं होतं, आणि हो कोणीतरी आधीच सांगून टाकलं होतं. मी तुमच्या बाबांना त्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, "आई, मी फक्त अंदाज दिला होता. तुला तिथे आवडतंय असं तुझ्याच बोलण्यावरून वाटलं." हे खोटं नाही. मला आवडत होतं. पण अंदाज कोणाला द्यायचा असतो, आणि तो ऐकून कोण काय भरतो, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. त्यांचा जन्म याच घरातला आहे.

मी त्यांना "नाही" म्हटलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, घरात कापूस आहे. ते म्हणाले, एवढंच? तेवढंच. त्यांना अजून वाटतं की दोन खोल्या कापूस भरला म्हणून आम्ही म्हातारपणी दवाखाना सोडला. पुतण्या वाईट मुलगा नाही, असंही ते म्हणतात. तेही खरं असेल. तो मला पाहिलं की वाकून पाया पडतो. पण जो माणूस विकत घेण्याआधीच घर वापरतो, आणि विचारलं तर रस्त्यावर उभा राहून नेटवर्क नाही म्हणतो, त्याला घर दिल्यावर आम्ही पाहुणे म्हणून तरी आत येऊ शकलो असतो का, याचा विचार तुमच्या बाबांनी केला नाही.

निघताना समुद्राजवळच्या घराची किल्ली आजोबांनी शेजारच्या बाईंकडे दिली. मी विचारलं, दावा सांगणाऱ्या बाईकडे? ते म्हणाले, "जे पाह्यजे थे तिनं तोंडावर मांगतलं. तिच्यावर नजर कुठं ठेवायची ते मले ठाऊक हाय."

आम्ही त्याच आठवड्यात पांढरकवड्याला आलो. दार उघडलं तर पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. मधे एक अरुंद बोळ ठेवलेला, त्यातून तिरकं होऊन देवघरापर्यंत जाता येत होतं. देवापुढचा दिवा कोरडा होता. आजोबांनी दारात खुर्ची टाकली आणि पुतण्याला सांगितलं की कापूस गेल्याशिवाय मी उठत नाही. तो म्हणाला, "काका, कायले एवढं मनाले लावून घेता?" आजोबा म्हणाले, "मी मनाले लावत नाही. मी बसून राह्यलो." तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. त्यानंतर आम्ही दोघं पुष्कळ दिवस अंग खाजवत होतो.

आता तो कधीमधी येतो, चहा घेतो. तब्येत विचारतो, जरा जास्तच बारकाईने विचारतो, असं मला वाटतं. मागच्या वेळी चहा पिता पिता म्हणाला, "काकू, पुढची भिंत थोडी ओली वाटते. तुमा दोघायले होत नाही आता हे सगळं." मी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी होती.

तुमचे बाबा तुम्हाला पांढरकवड्याचं हे घर विकून टाकायला हवं असं सांगतील, तेव्हा त्यांना मधे थांबवू नका, नीट ऐकून घ्या. मग मला फोन करा आणि त्यांनी ते कोणाशी बोलून ठरवलं तेवढं सांगा.